‘वॉच’ म्हणजे घड्याळ? आपत्तीची भाषा आणि प्रौढांचा इंग्रजी वर्ग

समजा, तुम्ही चाळिशीत अमेरिकेत गेलात, दिवसभर काम करता आणि संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जाता. टीव्हीवर खालून पट्टी सरकते: ‘टोर्नेडो वॉच’. थोड्या वेळाने तीच पट्टी ‘टोर्नेडो वॉर्निंग’ होते. पहिलीचा अर्थ, हवा तशी आहे, लक्ष ठेवा. दुसरीचा अर्थ, वादळ दिसलंय किंवा रडारवर आलंय, आत्ताच्या आत्ता आसरा घ्या. शब्दकोश उघडलात तर ‘वॉच’पुढे घड्याळ सापडेल.

आता हे वर्गात शिकवायचं कोणी आणि कधीपासून? 1975 मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ‘अ‍ॅडल्ट परफॉर्मन्स लेव्हल’ अभ्यासाने प्रौढ शिक्षणाचा रोख व्याकरणाकडून रोजच्या व्यवहाराकडे वळवला. त्याच वर्षी व्हिएतनाम युद्ध संपलं आणि निर्वासित येऊ लागले. त्यांच्या वर्गांत फॉर्म भरणं, डॉक्टरशी बोलणं, मदतीसाठी फोन करून पत्ता सांगणं असे धडे आले. 1986 मध्ये एल्सा ऑवरबाख यांनी यावर खरमरीत टीका केली. अशा धड्यांतून माणूस निमूटपणे आहे त्या व्यवस्थेत बसायला शिकतो, प्रश्न विचारायला नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते आपत्तीच्या धड्याला ही टीका सगळ्यात जास्त लागू पडते, कारण तिथे ‘सांगितलं ते करा’ एवढंच शिकवण्याचा मोह असतो.

पुढच्याच वर्षी, 22 मे 1987 ला, टेक्सासमधल्या सारागोसा या छोट्या गावावर टोर्नेडो आला. वस्ती बहुतांशी स्पॅनिश बोलणारी. चर्चच्या सभागृहात बालवाडीच्या मुलांचा निरोप समारंभ चालू होता. गावात 30 माणसं गेली, त्यातली बहुतेक त्या सभागृहातली. हवामान खात्याने इशारा दिलेला होता! पण बेनिग्नो अगीरे आणि सहकाऱ्यांनी नंतर तपासलं तेव्हा दिसलं की लोक बघत होते ती स्पॅनिश वाहिनी बाहेरून प्रसारित व्हायची, तिच्यावर स्थानिक इशारा नव्हताच. स्थानिक रेडिओवर भाषांतर झालं, पण त्यातून धोक्याची निकड पोचली नाही.

संशोधनाची तयारी करताय ना, मग इथे जरा थांबा. ‘इशारा दिला का?’ हा प्रश्न नोंदवहीतून सुटतो. ‘तो पोचला का?’ हा विचारायचा तर लोकांकडे जावं लागतं, कोण काय ऐकत होतं ते खोदून विचारावं लागतं. आम्हा सायन्सवाल्यांना पहिला प्रश्न आवडतो, आकडा मिळतो म्हणून.

आणि शब्द कळला तरी काम भागत नाही. 31 मे 2013 ला ओक्लाहोमा सिटीत टोर्नेडोपासून वाचायला काही ग्वाटेमाली कुटुंबं पावसाच्या पाण्याच्या भुयारी नाल्यात शिरली. टोर्नेडोऐवजी पुराच्या लोंढ्याने त्यांना गाठलं. धोका आहे हे कळलं होतं. कुठे लपायचं नाही, हे कोणत्या धड्यात होतं?

भाषांतराचंही तसंच. ‘वॉर्निंग’साठी अधिकृत स्पॅनिशमध्ये ‘अविसो’ वापरतात, पण त्याचा अर्थ साधी सूचना असाही होतो. (हसू नका, आपल्या ‘इशारा’ शब्दात डोळ्यांनी केलेली खूणही येते आणि रेड अलर्टही.)

कायद्याची बाजू थोडक्यात. 11 ऑगस्ट 2000 ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश क्रमांक 13166 काढला आणि इंग्रजी कमी येणाऱ्यांनाही सरकारी सेवा समजेल अशी मिळाली पाहिजे, असं केंद्रीय खात्यांना सांगितलं. मार्च 2025 मध्ये इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवणाऱ्या नव्या आदेशाने तो रद्द केला. म्हणजे वर्गातल्या शिक्षकावरचा भार आता वाढलाय, आणि परीक्षेत मात्र अजून विचारतात, ‘वॉर्निंग’चा अर्थ लिहा.