साथीच्या काळातील मूल आणि शासन

१८९८ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात प्लेग आल्याचे जाहीर होताच लोक मोठ्या संख्येने शहर सोडू लागले. त्यांना रोगाइतकीच धास्ती सक्तीच्या विलगीकरणाची होती. १८९७ मध्ये पुण्यात लष्कराकरवी झालेल्या घरझडत्यांचे परिणाम सरकारही जाणून होते. म्हणून लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन वुडबर्न यांनी शक्य तेथे रुग्णाला घरीच वेगळे ठेवण्याची मुभा दिली. त्यामुळे आजारी मुलाची आईपासून होणारी ताटातूट काही घरांत तरी टळली.

मात्र गरीब वस्तीत शुश्रूषा करणार कोण, हा प्रश्न उरलाच. १८९९ मध्ये बागबाजारच्या वस्तीत प्लेग झालेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या भगिनी निवेदिता डॉ. राधागोविंद कर यांना दिसल्या. त्याआधी पुण्याजवळच्या मुंढव्यातील आजारी मुलाला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निवर्तल्या. दोन्हीकडे मुलाचा आधार एका व्यक्तीची करुणा हाच होता.

कोविडच्या साथीत त्याला आदेशाची जोड मिळाली. ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालगृहांतील मुलांच्या संरक्षणासाठी राज्यांना निर्देश दिले. बंगालमध्ये शाळा बंद असतानाही मध्यान्ह भोजनाचे तांदूळ-बटाटे पालकांच्या हाती पोहोचू लागले. प्राथमिक शाळांचे वर्ग मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडले. अन्न व निवारा यांची तजवीज पहिल्याच महिन्यांत झाली. शिक्षणाचा विचार सर्वांत शेवटी झाला. पुढील साथीच्या आराखड्यात हा क्रम सुधारणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे.