थकवा मोजायचा, हे कोणी ठरवलं?

संधिवाताचं औषध लागू पडलं की नाही, हे कसं ठरतं? माझ्यासारखी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची पेशंट म्हणेल, सकाळी मूठ वळली, कुकरचं झाकण लावता आलं, म्हणजे लागू पडलं. औषधाची चाचणी घेणाऱ्यांचं एवढ्यावर भागत नाही. काय मोजायचं, कशानं मोजायचं आणि किती फरक पडला तर गुण आला म्हणायचं, हे त्यांना आधीच लिहून ठेवावं लागतं. औषधाला मंजुरी मिळणं, त्याची किंमत योग्य ठरणं, ते सरकारी योजनेत येणं हे सगळं पुढे त्या यादीवर अवलंबून असतं. यादीत नसलेला त्रास हिशेबात धरलाच जात नाही. म्हणून ही यादी करताना खोलीत कोण बसलेलं असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ऱ्हुमॅटॉइडची यादी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पक्की झाली. तोवर प्रत्येक अभ्यासगट आपापल्या पद्धतीनं मोजमाप करायचा, त्यामुळे एका औषधाची दुसऱ्याशी तुलना करणं अवघड जायचं. 1992 साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात मार्टेन बूर्स, पीटर टगवेल हे संशोधक आणि त्यांचे सहकारी एकत्र आले. त्या परिषदेचं नाव ओमेरॅक्ट. सात गोष्टी ठरल्या: दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, हालचालीतली अडचण, आजाराबद्दल रुग्णाचं मत, डॉक्टरांचं मत आणि सूज दाखवणारी रक्ततपासणी. लांब चालणाऱ्या चाचण्यांसाठी एक्स-रेही धरले गेले. काम मोलाचं होतं. आज आमच्या हातात असलेली बरीच औषधं त्याच मोजपट्टीवर पारखली गेली. सातांपैकी तीन उत्तरं रुग्णाकडून घेतली जात होती, हेही खरं. पण प्रश्न डॉक्टरांनी ठरवलेले होते.

ही मोजदाद मी वर्षानुवर्षं अंगावर अनुभवली आहे. डॉक्टर अंगठ्यानं सांधा दाबतात, त्यांच्या नखाखालचा रंग पांढुरका होईल इतकाच, आणि विचारतात, ‘‘दुखतंय?’’ खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे आणि गुडघे मिळून 28 सांधे होतात. घोटे आणि पावलं त्यात नाहीत. पावलांची सूज इतर कारणांनीही येते, तिचा अंदाज घेणं कठीण असतं, म्हणून ती वगळली. कारण समजण्यासारखं आहे. पण वर्गात उभं राहून शिकवणाऱ्या बाईचं पहिलं दुखणं पावलांचंच असतं.

2000 साली फ्रान्समधल्या तुलूझला झालेल्या ओमेरॅक्टच्या परिषदेत एक प्रश्न अडला. आकडा किती हलला तर रुग्णाला खरोखर बरं वाटलं म्हणायचं? डॉक्टरांनी आपापसात चर्चा करून याचं उत्तर मिळणार नव्हतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे संधिवाततज्ज्ञ जॉन कर्वन यांनी रुग्णांना बोलावण्याचा विषय पुढे नेला आणि 2002मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला झालेल्या परिषदेत 11 रुग्ण सहभागी झाले. उपचारातून काय हवं, असं विचारल्यावर त्यांनी वेदनेबरोबर थकवा, झोप आणि एकूण बरं वाटणं यांची नावं घेतली. तीनही गोष्टी यादीत नव्हत्या.

हा थकवा दिवसभराच्या कामानं येणारा नव्हे. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं. शाळेत शिकवत असताना मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या टेबलावर डोकं टेकायची, आणि पुढच्या तासाची घंटा झाली तरी उठवत नसे. ‘‘ईएसआर छान आलाय,’’ असं रक्ततपासणी बघून डॉक्टर म्हणाले की मी मान डोलवायची. थकव्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ब्रिस्टलच्या सॅरा ह्यूलेट या मूळच्या परिचारिका. त्यांनी 15 रुग्णांशी सविस्तर बोलून 2005मध्ये जो अभ्यास छापला, त्यात हेच दिसलं. थकवा अनावर असतो, आपल्या हातात राहत नाही आणि त्याच्यावर उपाय नाही असं धरून रुग्ण डॉक्टरांपाशी तो विषय काढत नाहीत.

रुग्ण म्हणाले म्हणून थकवा लगेच यादीत आला नाही, आणि ते योग्यच होतं. तो मोजता येतो का? औषधानं कमी होतो का? वेदनेच्या आकड्यातच तो येऊन जात नाही ना? या शंकांना पुराव्यानं उत्तरं द्यावी लागली. 2006च्या माल्टा परिषदेत ती मान्य झाली आणि ऱ्हुमॅटॉइडच्या प्रत्येक चाचणीत जमेल तिथे थकवा मोजावा, असं ठरलं. 2008मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञ संघटनांनी आपल्या संयुक्त शिफारशींत तो घेतला. ब्रिस्टलमध्ये रुग्णांच्याच बोलण्यातून 20 प्रश्नांची थकव्याची प्रश्नावली तयार झाली. 2011मध्ये युरोपच्या संघटनेनं आणखी पुढचं पाऊल टाकलं: संशोधनात किमान दोन रुग्ण सहकारी म्हणून असावेत, आणि तेही पहिल्या टप्प्यापासून. गोल्ड कोस्टच्या त्या परिषदेला रुग्ण म्हणून गेलेले मार्टेन डी विट हे त्या शिफारशींचे मुख्य लेखक.

आपल्याशी या इतिहासाचा थेट संबंध आहे. 1996मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं भिगवणला 4092 प्रौढांची पाहणी केली, तेव्हा साधारण दोनशेत एक ऱ्हुमॅटॉइडचा रुग्ण आढळला. या माणसांना काय विचारणार? हालचालीतली अडचण मोजण्यासाठी स्टॅनफर्डमध्ये 1980मध्ये तयार झालेल्या प्रश्नावलीत टबमध्ये अंघोळ करता येते का, दुधाचा नवा कार्टन उघडता येतो का, असे प्रश्न होते. भारतीय आवृत्तीत मांडी घालून बसणं, साडी किंवा धोतर नेसणं, रिक्षात चढणं-उतरणं आलं. प्रश्न जगण्यातून आले की उत्तरांना अर्थ येतो.

2017पासून केंद्र सरकारची एचटीएइन ही यंत्रणा कोणतं औषध, कोणतं उपकरण सरकारी पैशातून द्यावं, याचा अभ्यास करते. माझं म्हणणं एवढंच आहे की, मोजमाप ठरवण्याच्या पहिल्या बैठकीत संबंधित आजाराचे दोघं-तिघं रुग्ण असावेत: एखादी शेतमजूर, एखादा रिक्षावाला. त्यांना प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी, कागद मराठीत मिळावेत, आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट यादीत आली नाही तर का आली नाही, हे त्यांना कळवावं. अहवाल तयार झाल्यावर बोलावलेला रुग्ण फार तर हरकत नोंदवू शकतो. थकवा यादीत आला तो 11 जणांना मोजपट्टी ठरत असताना विचारलं म्हणून.