पोलाद आणि चिप

कटंगीजवळच्या तिरोडीच्या खाणीतील मँगनीज पोलादाला बळकटी देते. आणि पोलाद व इंजिन म्हणजेच मोटार, असे आपण दीर्घकाळ मानीत आलो. या समजुतीला १९७७ साली धक्का बसला. अमेरिकेतील ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीत ठिणगी केव्हा पाडावयाची, हे एक संगणकीय चिप ठरवू लागली. पुढे इंधन, ब्रेक, सुरक्षेची हवापिशवी ही कामेही चिपांकडे गेली. भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराविषयी 'भारत स्टेज सहा'चे कडक नियम लागू झाले, तेव्हा दुचाकींतूनही कार्ब्युरेटर बहुतांशी हद्दपार झाला.

मागणीबरोबर परावलंबनही वाढले. २०२० च्या महामारीत मोटार-कारखानदारांनी चिपांची मागणी कमी केली. ती संगणकांसाठी वळली. परिणामी सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती व महिंद्र यांना उत्पादन घटवावे लागले. पोलाद होते, कामगार होते, गिऱ्हाईक होते. नखाएवढी चिप तेवढी नव्हती!

त्याच डिसेंबरात भारत सरकारने चिप-उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मँगनीज भूमीने आपणांस आयते दिले. चिप घडविणारी माणसे मात्र आपल्याच शाळांतून तयार व्हावयास हवीत.