चिमूटभर काळ्या मातीतले व्हायरस

व्हायरस म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांना अँटीव्हायरस आठवतो, बाकीच्यांना २०२० साल. पण मंडळी, मातीतले बहुतेक व्हायरस माणसाच्या नाही, बॅक्टेरियांच्या मागे लागलेले असतात. परभणीच्या काळ्या मातीत ते किती असतील? यासाठी मोजण्याचा इतिहास बघू.

१९१७ मध्ये फेलिक्स द'एरेल याने पॅरिसमध्ये बॅक्टेरिया खाणारे व्हायरस दाखवले. बॅक्टेरियांच्या थरावर पडलेले स्वच्छ ठिपके मोजायचे, एक ठिपका म्हणजे एक व्हायरस. सोपं! गोची एकच, तो बॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढायला हवा. आणि मातीतले बहुतेक तिथे वाढतच नाहीत.

पुढे १९८९ मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी पाणी थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर एका मिलिलिटरमध्ये २५ कोटींपर्यंत कण! जुन्या आकड्यांच्या हजारो पट. पाणी तेच, पद्धत बदलली.

मातीची पाळी नंतर आली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरच्या सहा मातींत, कोरड्या मातीच्या एका ग्रॅममागे सुमारे ८७ कोटी ते ४२० कोटी व्हायरस मोजले गेले. त्यासाठी ते आधी मातीपासून सोडवावे लागतात. पोटॅशियम सायट्रेटसारख्या द्रावणात माती घुसळतात. जे सुटलं तेच मोजलं जातं. आपली काळी माती तर चिकणमाती, मॉन्टमोरिलोनाइटने भरलेली. ओली झाली की चपलेला सोडत नाही, व्हायरसला काय सोडणार?

प्रकार मोजणं आणखी अवघड. बॅक्टेरियांची ओळख पटवायला सगळ्यांत आढळणारं एक जनुक वापरता येतं. व्हायरसांत असं सामाईक जनुकच नाही. म्हणून नमुन्यातला सगळा डीएनए वाचून तुकडे जुळवायचे. त्यातही आरएनएवाले व्हायरस निसटतात.

गंमत म्हणजे एक व्हायरस आपल्याकडे शेतीच्या कामासाठी मोजला जातो. तूर-हरभऱ्यावरच्या घाटेअळीला मारणारा एचएएनपीव्ही. त्याचे कण प्रथिनाच्या स्फटिकात बसलेले असतात आणि हे स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. असे ६०० कोटी स्फटिक म्हणजे एक 'एल.ई.', एका रोगट अळीइतका साठा. फवारणी याच मापात सांगतात. पानावर ऊन त्याला निकामी करतं. मेलेली अळी फुटून जो जमिनीवर पडतो, तो मातीच्या सावलीत टिकून राहू शकतो.

बाटलीतला व्हायरस असा मोजूनमापून, पण जमिनीत मुरलेल्याचा हिशेब? २०१५ पासून शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, सामू वगैरे. सगळ्या कामाच्या, पण एकही जिवंत नाही. बॅक्टेरिया नाहीत, त्यांना मारणारे व्हायरस तर नाहीतच. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे, काळी माती दारातच आहे. आकडा काढताना एवढंच करावं, कुठल्या पद्धतीने काढला ते शेजारी लिहावं. नाहीतर पद्धत बदलली की वाटायचं, मातीच बदलली.