बहात्तरचा दुष्काळ आणि दुष्काळी कामे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत गेली कित्येक वर्षे ज्ञातीतील जुन्या घराण्यांचे इतिहास प्रसिद्ध होत आहेत. ते आम्ही आवडीने वाचतो. कोणाच्या पणजोबांस निजामशाहीत सनद मिळाली होती, कोणी स्वखर्चाने गावात विहीर बांधली, कोणी मुलास शिकविण्याकरिता हैदराबादेस धाडले, ही सर्व माहिती पुढील पिढीस उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु या सर्व इतिहासांत एक गोष्ट आम्हांस आजवर आढळली नाही. १९७२ साली त्या घरातील कोण खडी फोडावयास गेले, हे कोणी लिहीत नाही. आपल्या घराण्यांत १९७१ साल सरले आणि एकदम १९७४ साल उजाडले, असेच वाचणाऱ्यास वाटावे! आम्हीही यापूर्वी दोन वेळा स्मरणिकेत लिहिले, पण ही गोष्ट लिहिली नाही. ती उणीव या लेखाने थोडी तरी भरून काढावी, असा आमचा हेतू आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक निवृत्त शिक्षक आहोत, इतिहास-संशोधक नव्हे. वाचकांनी तेवढी सवलत द्यावी.

दुष्काळ आपल्या मुलखास नवा नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळाचे नाव अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. त्यानंतरच्या काळातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर घरोघरी माहीत आहे. बेदरच्या बादशहाचे धान्य त्यांनी भुकेल्यांस वाटले आणि त्याची किंमत भरण्यास विठ्ठल धावला, अशी ती कथा. कीर्तनात ती ऐकताना आपण डोळे पुसतो. मात्र तेथे देवाने जे रूप घेतले ते विठू महाराचे होते, याचा विचार करावयास आपण थांबत नाही. असो. त्या काळी दुष्काळात मदत म्हणजे दान. कोठारवाल्याने कोठार उघडावे, पेववाल्याने पेव उघडावे आणि घेणाऱ्याने हात जोडावे, ही रीत होती. ज्याच्या गावी दामाजी नाही त्याने काय करावे, याला त्या रीतीत उत्तर नव्हते.

पुढे इंग्रजी अमलात १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत महाभयंकर दुष्काळ पडला. सरकारने कामे काढली, पण मजुरीत एवढी काटछाट केली की प्रौढ मजुराच्या वाट्यास दिवसाला जेमतेम एक पौंड धान्याची किंमत येई. ही काटछाट सर रिचर्ड टेंपल यांची. मुंबई इलाख्यात पुष्कळ मजुरांनी ती कामे सोडून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. त्याच वेळी, १८७७ साली, जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाची मंडळी यांनी धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांच्या अन्नाची सोय केली. नंतर सरकारने चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १८८० साली आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. दुष्काळ जाहीर केव्हा करावा, कामे कशी काढावी, जो काम करू शकत नाही त्यास काय द्यावे, हे सर्व तीत लिहिलेले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून रयतेस हेच समजावून सांगितले की, संहितेप्रमाणे मिळावयाचे ते सरकारचे उपकार नव्हेत, तो तुमचा हक्क आहे. आमच्या मते दुष्काळाच्या इतिहासातील खरे वळण येथे आहे. आपण त्या वेळी निजामाच्या मुलखात होतो, त्यामुळे ही भाषा आपल्याकडे उशिरा पोहोचली.

आता बहात्तर सालाकडे येऊ. पावसाने त्यापूर्वीची दोन वर्षेही महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दगा दिला होताच. १९७२ मध्ये मात्र खरीप करपले आणि जमिनीत ओल नसल्याने रब्बीचा पेराही बहुतेक ठिकाणी झाला नाही. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला). तेव्हाचे औरंगाबाद व उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांची स्थिती आमच्याहून अधिक बिकट होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमच्याकडेही सर्वत्र सारखे नव्हते. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे बांधून झाली होती आणि वसमतकडे कालव्याचा आधार होता. आमचे गाव पश्चिमेकडे, आजच्या सेनगाव तालुक्यात. तेथे मुरमाड माळ, आणि पाणी म्हणजे विहिरीचे व कयाधूचे. त्या वर्षी कयाधूच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीने घागर भरावी लागे. एक घागर भरावयास किती वेळ लागतो हे आम्ही बाराव्या वर्षी शिकलो. पुढे वर्गात वेळ-कामाची उदाहरणे घालताना तीच घागर आमच्या डोळ्यांपुढे येई.

सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे आपल्या शेजारच्या पुसद भागातील, त्यामुळे कोरडवाहू शेती म्हणजे काय हे त्यांस कोणी सांगावे लागत नव्हते. पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांध, रस्ते आणि रस्त्यांसाठी खडी, अशी ती कामे. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. १९७१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे पोरेबाळे धरून दर दहा माणसांत एक माणूस कामावर होता. एवढी माणसे एकाच वेळी सरकारी हजेरीपटावर आल्याचे उदाहरण आपल्या राज्यात त्यापूर्वी नव्हते. मोठ्या संख्येने भूकबळी पडले नाहीत, याचे श्रेय जाणकार या कामांसच देतात. गुरे मात्र फार गेली. आमच्या दारची बैलजोडी गेली ती कसायाकडे गेली की छावणीत, हे आमच्या वडिलांनी आम्हांस कधी सांगितले नाही.

कामाची रीत अशी होती. मातीकामात खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक उंचवटा तसाच ठेवीत, त्यावरून मोजमाप होई. खडीचे मोजमाप ढिगावर. दिवसाची मजुरी दोन-तीन रुपयांच्या आसपास पडे. परंतु ती कामाच्या मापावर असल्याने अशक्त माणसास कमी मिळे, आणि पगार वेळेवर होतच असे असे नाही. एका कामावर तीन आठवडे पैसे थकले, तेव्हा बायकांनी हातोडे खाली ठेवून कारकुनाचा रस्ता अडविलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. कामांवर बायका पुरुषांच्या बरोबरीने असत. आमच्या खडीकेंद्रावर तर अधिकच होत्या. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, जिला सर्व ‘मिलो’ म्हणत, ती मिळे. तिची भाकरी थापताना तुटे आणि गार झाली की चिवट होई. पुढे कित्येक वर्षे घरात कोणी जेवणास नावे ठेवली की आजी म्हणे, “मिलो खाल्लास का कधी?” मुलांना सुकडी मिळे. भाजलेल्या पिठाचा तो गोड भुगा ओंजळीत घेऊन चाटीत चाटीत घरी यावे, यात आम्हांस त्या वेळी सणाचा आनंद होई, हे लिहावयास आज संकोच वाटतो. पण ते खरे आहे.

आमची आई त्या खडीकेंद्रावर जात असे.

ज्या घरातील सुनेने उंबरठ्याबाहेर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्या घरातील ती सून. पहिले चार दिवस ती पहाटे अंधारात निघे व दिवस बुडाल्यावर परते, का तर आपल्या ज्ञातीतील कोणी पाहू नये. पाचव्या दिवशी तिला कामावर आपल्या ज्ञातीच्या आणखी तीन बायका भेटल्या. त्याही अंधारातच येत होत्या! मग चौघी उजेडी जाऊ लागल्या. खडीचे कण डोळ्यांत उडत म्हणून त्या पदर नाकापर्यंत ओढीत. बोटांना चिंध्या गुंडाळून फोडीत. शाळेस सुट्टी लागल्यावर आम्ही तेथे पाणी वाहिले. प्रारंभी पाण्याची मडकी दोन होती, एक सर्वांचे आणि एक दूर, बाभळीखाली, ज्यांचे कोणी शिवत नसे त्यांचे. पुढे टँकरचे पाणी कमी पडू लागले, दुसरे मडके एके दिवशी फुटले आणि नवे आणावयास कोणाकडे पैसे नव्हते. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत एकाच मडक्यातून सर्व प्याले. आमच्या आईनेही प्याले. तिने त्याविषयी चांगले वा वाईट काहीही म्हटले नाही. पुढे पाऊस पडला, लोक आपापल्या शेतात गेले आणि गावात मडकी पुन्हा वेगळी झाली, हेही नोंदविले पाहिजे.

१९७४ साली ज्ञातीतील एका लग्नात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. पंगतीत एका वडीलधाऱ्या गृहस्थाने आमच्या वडिलांस विचारले, “का हो, तुमच्याकडची माणसं कामावर होती म्हणतात?” वडील म्हणाले, “छे, छे! आमच्या विहिरीला पाणी होतं. वेळच आली नाही.” मग त्यांनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही, चौदा वर्षांचे, मान हलवून दुजोरा दिला. आई पलीकडे ओळीत भात वाढीत होती. तिच्या उजव्या हाताच्या आंगठ्याचे नख हातोडीने गेले होते ते पुन्हा नीट आले नव्हते. तिने वाढणे थांबविले नाही. घरी आल्यावरही त्या गोष्टीचा उल्लेख झाला नाही, आणि ती वारली तोपर्यंत कधीच झाला नाही. वडिलांस आम्ही दोष देत नाही. घरात बहीण लग्नाची होती आणि ज्ञातीत बोलणारी तोंडे पुष्कळ होती. परंतु त्या दिवशी मान हलविली ती आमची स्वतःची होती.

या ठिकाणी वि. स. पागे यांचे नाव सांगितल्यावाचून राहवत नाही. विधान परिषदेचे सभापती असलेल्या या गृहस्थांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे लोकांशी बोलून ठरविले की, काम मागणाऱ्यास काम देणे ही सरकारची जबाबदारी मानली पाहिजे. त्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना १९७२ मध्येच सुरू होत होती, पण दुष्काळी कामांच्या लोंढ्यात ती काही काळ मागे पडली. दुष्काळ ओसरल्यावर ती पुन्हा उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, असे त्यात होते. खर्चासाठी १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. शिक्षक झाल्यावर आमच्याही पगारातून तो दरमहा कापला जाई. सहकारी कुरकुर करीत. आम्ही कधी केली नाही, आणि का करीत नाही हेही सांगितले नाही. २००५ साली केंद्राने सर्व देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव त्याच्या मुळाशी होता.

दुष्काळी कामांतील सर्वच काम टिकले असे नव्हे. पुष्कळशी खडी रस्त्याच्या कडेला तशीच पडून राहिली आणि तिच्यावर गवत उगवले. पाझर तलावांपैकी काही आजही गावोगावी ‘बहात्तरचा तलाव’ या नावाने ओळखले जातात. काही गाळाने भरले. पिण्याच्या पाण्याची तजवीज मात्र त्या काळापासून बदलली. कठीण खडकात भोक पाडणारी यंत्रे युनिसेफने १९६७ पासून भारतात आणविली होती. जालन्याच्या मिशनमधील मंडळींनी चांगला हातपंप तयार केला, त्यात सोलापुरास सुधारणा झाली आणि त्यातूनच पुढे देशभर गेलेला ‘इंडिया मार्क टू’ निघाला. म्हणजे आपल्या गावातील हापसा हा एका अर्थी मराठवाड्याचाच आहे. त्याच विंधनविहिरी पुढे शेतोशेती झाल्या व पाणी खोल खोल गेले, हा भाग निराळा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बहात्तर साली निदान कयाधूच्या वाळूत हातभर खाली पाणी होते.

बहात्तर साली कामावर गेलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत आणि वर्षागणिक कमी होत आहेत. मंडळाच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, पुढील स्मरणिकेत घराण्यांच्या इतिहासाबरोबर एक यादी छापावी. त्यात आपल्या ज्ञातीतील जे स्त्री-पुरुष १९७२-७३ मध्ये दुष्काळी कामावर गेले त्यांची नावे, गाव, कामाचे ठिकाण आणि काम कोणते, रस्ता, तलाव की खडी, एवढे असावे. माहिती पाठविणाऱ्यांनी घरातील वृद्ध स्त्रियांस स्वतः विचारून लिहावे. पुरुषांस विचारल्यास विहिरीला पाणी होते असे उत्तर येण्याचा संभव आहे. आमच्या आईचे नाव, खडीकेंद्र आणि तेथील सुमारे पाच महिने, ही माहिती आम्ही संपादकांकडे या लेखासोबतच दिली आहे. तिच्याबरोबरच्या तिघींची नावे आमच्याजवळ आहेत, परंतु ती त्यांच्या मुलांनी द्यावी म्हणून येथे लिहीत नाही.