छताचा आधार

सिद्धगडाच्या काळ्या पाषाणात कोळसा नाही. पण सह्याद्रीतल्या गडांवरील खांबटाकी पाहिली, की कोळशाच्या खाणीचा पहिला धडा आपल्याला उमगतो. टाकी खोदणाऱ्यांनी छत पेलायला पाषाणाचेच खांब राखले. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला १८७१ ते १९०६ कोळशाची खाण चालली. भुयारी खाणीतही कोळशाचेच खांब राखतात. भेद एवढाच, की टाक्याचे खांब कायमचे. खाणीतले मात्र पुष्कळदा शेवटी काढून घेतात. तेव्हा छताखाली लाकडी टेकू लागत. टेकू मोडण्याआधी करकरे, आणि ती करकर ऐकून मजूर मागे सरत. पुढे पोलादी बोल्ट आले. ते छताचे थर एकत्र बांधतात, पण लाकडासारखे बोलत नाहीत. म्हणून छताची हालचाल उपकरणांनी मोजावी लागते. कोळशाचा भाव ठरवताना हा आधार आधी हिशेबात धरावा, असे आम्हांस वाटते.