जोहर : दुपारची नमाज

जोहर (जुहर) ही इस्लाममधील रोजच्या पाच अनिवार्य नमाजांपैकी दुपारची नमाज. सूर्य माथ्यावरून पश्चिमेकडे कलला की तिची वेळ लागते आणि असरची, म्हणजे उतरत्या दुपारची वेळ सुरू होईपर्यंत ती राहते. चार फर्ज म्हणजे अनिवार्य रकाती (आवर्तने) हा तिचा गाभा. नमाज ठरलेल्या वेळीच अदा करायची, असे कुराणाच्या चौथ्या सूरेत बजावले आहे. सतराव्या सूरेत सूर्याच्या कलण्याचा उल्लेख येतो आणि अनेक भाष्यकार तो जोहरशी जोडतात.

वेळांचा तपशील मात्र हदीसांमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींमधून येतो. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत इब्न अब्बास यांच्या नावे एक कथन आहे. जिब्रील या फरिश्त्याने काबागृहापाशी लागोपाठ दोन दिवस पैगंबरांना नमाज पढवून दाखवली. त्यातली पहिली नमाज जोहरची होती. पहिल्या दिवशी सावली चपलेच्या पट्ट्याएवढी असताना ती झाली, तर दुसऱ्या दिवशी वस्तूची सावली वस्तूएवढी झाल्यावर. या दोन टोकांच्या मधली वेळ ती जोहरची. घड्याळे नसलेल्या समाजाला कोणत्याही गावात, कोणत्याही ऋतूत, कोणाला न विचारता पाहता येईल असे हे माप होते. नेमके आणि तरी सर्वांच्या हातातले, हे त्याचे मोठेपण आजही जाणवते.

हे माप घ्यायला एक सरळ काठी पुरते. मोकळ्या सपाट जागी ती उभी रोवायची आणि सावलीच्या टोकावर खूण करत राहायचे. सकाळपासून सावली आखडत जाते, सूर्य मध्यावर आला की सर्वांत तोकडी होते आणि मग पूर्वेकडे वाढू लागते. ही वाढ दिसली की जोहर लागली. सूर्य नेमका मध्यावर असतानाच्या थोड्या वेळात नमाज पढू नये असा दंडक आहे. बोलीत या वेळेलाच ‘जवाल’ म्हणतात. मध्यान्हीची तोकडी सावली ‘मूळ सावली’ म्हणून वेगळी धरावी लागते, कारण ती ऋतूप्रमाणे बदलते. मुंबईत मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मूळ सावली नाहीशी होते. २२ डिसेंबरला मात्र मीटरभर काठीची भर दुपारची सावलीच सुमारे ९१ सेंटिमीटर भरते. त्या दिवशी सावली १९१ सेंटिमीटर झाली की एका मतानुसार जोहर संपते आणि २९१ झाली की दुसऱ्या मतानुसार.

ही दोन मते महाराष्ट्रात शेजारी शेजारी नांदतात. शाफई, मालिकी आणि हंबली पंथांत मूळ सावली वगळून सावली वस्तूच्या एकपट झाली की असर लागते. हनफी पंथाचे इमाम अबू हनीफा यांच्या प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. त्यांचेच शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी मात्र एकपटीचे मत धरले. देशावरचे आणि विदर्भ-मराठवाड्यातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापारी संबंधांची ही खूण. त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत शाफई मोजणीने जोहर पावणेचारच्या सुमारास संपते, हनफी मोजणीने साडेचारच्या सुमारास. मे महिन्यात हे अंतर सव्वा तासापर्यंत जाते.

दुपारचे बारा वाजले म्हणजे जोहर लागली, हा समज चुकीचा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला. तिथे सूर्य मध्यावर येतो तो नोव्हेंबरच्या आरंभी साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ५३ मिनिटांनी. नागपुरात हेच सुमारे २५ मिनिटे आधी घडते. मुंबईत १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ चालू होती. त्या घड्याळाचे बारा आणि सूर्याची मध्यान्ह यांचा मेळ आजच्यापेक्षा कितीतरी जवळचा होता.

वेळ काढण्याच्या या गरजेतून इस्लामी जगात खगोलशास्त्राची एक शाखाच वाढली. मोठ्या मशिदींत ‘मुवक्कित’ म्हणजे वेळ सांगणारा ज्योतिर्विद नेमलेला असे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर यांनी १३७१ मध्ये मशिदीच्या मिनारासाठी संगमरवरी छायायंत्र घडवले. ग्रहगतीच्या गणितासाठी विज्ञानाच्या इतिहासात नाव असलेले हेच ते इब्न अल-शातिर. आता हे काम छापील तक्ते आणि मोबाइल करतात. मशिदीच्या भिंतीवर खोट्या घड्याळांची एक फळी असते. प्रत्येक नमाजचे एक घड्याळ, काटे हाताने फिरवून लावलेले. ते दाखवतात जमातीची, म्हणजे सर्वांनी मिळून पढण्याची वेळ. जोहरची जमात बहुधा एक ते दीडच्या दरम्यान होते, कारण कामावरच्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत ती गाठता आली पाहिजे.

उन्हाळ्यासाठी वेगळी सवलत आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत, ऊन कडक असेल तर जोहर थोडी निवल्यावर पढा, असा पैगंबरांचा सल्ला आहे. एका प्रवासात मुअज्जिन अजान द्यायला उठला तेव्हा त्यांनी त्याला थांबवले आणि टेकड्यांच्या सावल्या दिसू लागेपर्यंत वाट पाहायला लावली. जमीन इतकी तापे की सोबती कपाळाखाली कपड्याचे टोक धरून सजदा करत (कपाळ जमिनीवर टेकवत), असेही नोंदलेले आहे. चंद्रपूर-नागपूरचा मे ज्याने सोसला आहे, त्याला या सवलतीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

नमाजआधी वजू. हात मनगटापर्यंत, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवायचे. ओला हात डोक्यावरून फिरवायचा. मग घोट्यापर्यंत पाय. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीत यासाठी झऱ्यांच्या पाण्याचा जुना हौद आहे. त्यानंतर किबल्याकडे, म्हणजे मक्केतील काब्याकडे तोंड करून, मनात नियत म्हणजे संकल्प धरून ‘अल्लाहू अकबर’ म्हणत हात उचलले की नमाज सुरू होते.

एका रकातीत उभे राहून कुराणपठण, रुकू म्हणजे कमरेत वाकणे, पुन्हा सरळ उभे राहणे आणि दोन सजदे येतात. पहिल्या दोन रकातींत सूरह फातिहानंतर आणखी एखादी सूरह किंवा आयती जोडतात. उरलेल्या दोन रकातींत फातिहाच पुरते. दुसऱ्या रकातीनंतर बसून तशहुद (श्रद्धेची साक्ष) म्हणायचा, चौथ्यानंतर पुन्हा बसून तशहुद व दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), आणि शेवटी उजवीकडे-डावीकडे सलाम. जोहरचे पठण मनातल्या मनात, ओठ हलवून होते. फजर किंवा मगरिबसारखा इमामाचा आवाज ऐकू येत नाही. इमामाच्या मागे उभा असलेला हनफी गप्प राहतो, शाफई स्वतः फातिहा म्हणतो. शाफई रुकूला जाता-येता हात उचलतो, हनफी उचलत नाही. तरीही दोघे एकाच सफेत म्हणजे रांगेत खांद्याला खांदा लावून उभे असतात.

फर्जाच्या आगेमागे सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या रिवाजातल्या, रकाती आहेत. हनफी रिवाजात आधी चार, नंतर दोन आणि वर दोन नफिल म्हणजे ऐच्छिक, अशा चार फर्ज धरून एकूण बारा. शाफईंत आधी दोन व नंतर दोन यांवर विशेष भर आहे. शिया पंथीय, त्यांत दाऊदी बोहराही, जोहर व असर सहसा लागोपाठ अदा करतात.

शुक्रवारी खुतबा म्हणजे प्रवचन आणि दोन रकातींची जुम्याची नमाज जोहरची जागा घेते. घरी पढणाऱ्या स्त्रिया, आजारी आणि जुम्याला न गेलेले प्रवासी नेहमीच्या जोहरवर राहतात. प्रवासात चार फर्जांच्या दोनच होतात. हनफी उलेमा त्यासाठी ७८ ते ९२ किलोमीटरपर्यंतची वेगवेगळी अंतरे धरतात. हजमध्ये ९ जिलहिज्जला अराफातच्या मैदानात जोहर व असर एकत्र, जोहरच्या वेळी होतात. आजाऱ्याने बसून, तेही न जमल्यास पडून, खुणेने पढली तरी चालते. झोपेमुळे किंवा विसरल्याने राहिली, तर आठवताच कजा करावी, म्हणजे मागाहून अदा करावी.

किबल्याची दिशा स्वतः पडताळायची असेल, तर २७ किंवा २८ मेचा दिवस धरावा. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काब्याच्या बरोबर वर असतो. तेव्हा उभ्या काठीची सावली जिकडे पडेल, त्याच्या नेमक्या उलट बाजूला किबला. जुलैच्या १५-१६ तारखेला २ वाजून ५७ मिनिटांनी हीच संधी पुन्हा येते, पण कोकणात त्या सुमारास आभाळ भरलेले असते. म्हणून मेमधलीच गाठावी.